फूल नको, फांदी मागा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

🌼 *गुरुवारचे चिंतन* 🌼



गुरुपौर्णिमा जवळ आली. घरोघरी हार, फुलं, पेढे यांची तयारी सुरू झाली असेल. अशा वेळी गेल्या गुरुवारी आरतीनंतर महाराज चक्क मोगऱ्यावर बोलले. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि परगावी-परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांसाठी, जसं ऐकलं तसं लिहून पाठवत आहोत. ज्या काकूंची गोष्ट यात आहे त्या स्वतः समोर बसल्या होत्या. "महाराज, सांगा सगळ्यांना, पण नाव घेऊ नका," असं त्यांनीच सांगितलं होतं.

*महाराज म्हणाले:*

मंडळी, आज पोथी बाजूला ठेवली आहे. आज एका झुडपाची पोथी वाचू.

मोगरा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इथले शेजारीपाजारी त्याला बेला म्हणतात, मोतिया म्हणतात. चैत्र लागला की इंदुरात दुपारी डांबर वितळतं, पण संध्याकाळी कुठल्यातरी कंपाउंडवरून असा वास येतो की दिवसभराचा शीण उतरतो. चार पाकळ्या जास्त असल्या तर कोणी बटमोगरा म्हणतं, लांबट कळीचा असला तर मदनबाण. नावं काही असोत. फूल एका रात्रीचं. संध्याकाळी उमलतं, रात्रभर दरवळतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोमेजतं. एवढंसं आयुष्य, पण ते उमलताना शेजारचं घर वगळत नाही.

आता गोष्ट ऐका.

आपल्यातल्या एक काकू आहेत. साठी ओलांडलेली, नेमाच्या पक्क्या. पहाटे पाचला उठायचं, फिरायला जायचं, येताना फुलं आणायची आणि पादुकांची पूजा करायची. एक दिवस खाडा नाही. फुलं कुठून आणायच्या? वाटेत एक घर आहे. भिंतीवरून मोगरा बाहेर झुकलेला आहे. काकूंच्या हातात पिशवी असायचीच. मूठभर घ्यायच्या. सातआठ वर्षं हे चाललं होतं.

मग तिथे एक पाटी लागली. "कृपया फूल न तोड़ें." काकूंनी पाटी वाचली आणि मनात म्हणाल्या, हे रस्त्यावरच्या टवाळ पोरांसाठी असेल. मी तर देवासाठी नेते. देवासाठी फूल घेतलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत.

हे वाक्य तुम्ही ऐकलंय ना? म्हटलंही असेल. हसू नका, मीही लहानपणी म्हटलंय.

एक दिवस काकूंना लवकर जाग आली. साडेचारलाच बाहेर पडल्या. त्या घराजवळ आल्या तर भिंतीच्या आत बॅटरीचा उजेड हलत होता. ऐंशीच्या पुढच्या एक आजी, एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात बॅटरी, मोगऱ्यात काहीतरी शोधत होत्या. दोघींची नजरानजर झाली. काकूंच्या हातात पिशवी तशीच होती.

आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी लावलेला आहे. त्यांच्या फोटोला एक फूल वाहते मी. तुम्ही येऊन गेलात की कधीकधी एकही उरत नाही, म्हणून आज आधी आले. मला एकच लागतं. बाकीची न्या तुम्ही."

काकू त्या दिवशी फूल न घेता घरी गेल्या. पूजा झाली नाही. दुपारी माझ्याकडे आल्या, बसल्या आणि रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "महाराज, सात वर्षं मी एका म्हाताऱ्या बाईला अंधारात उठायला लावलं. माझी सगळी पूजा वाया गेली का?"

मी काय सांगणार? मी गप्प राहिलो. कारण ती फुलं कुठे गेली होती? पादुकांवर. त्यांतली कितीतरी, काकू इथे यायच्या तेव्हा, या गादीवरही पडली. मी वास घेतला, प्रसन्न झालो, "वा, काय मोगरा आहे" म्हणालो. कुठून आणला हे मी एकदाही विचारलं नाही. चूक एकट्या काकूंची नाही. घेणाऱ्यानेही विचारायला हवं होतं.

मग मी त्यांना म्हणालो, "माई, पूजा वाया जात नाही. सात वर्षं पूजा झाली. पण ती तुमची नव्हती, त्या आजींची होती. पाणी त्यांनी घातलं, माती त्यांनी उकरली. तुम्ही फक्त फूल पोचवलंत, आणि पोचवायला त्यांनी सांगितलं नव्हतं."

काकू म्हणाल्या, "मग आता उद्यापासून बाजारातून विकत आणू?"

मी म्हणालो, "आणा की. त्यात काही वाईट नाही, माळीणबाईंचं घर त्यावर चालतं. पण आधी त्या आजींकडे जा. माफी मागा. आणि फूल मागू नका. *फांदी मागा.*"

🌿 *फांदी का?*

बघा, इथे मोगऱ्याची एक मोठी गंमत आहे. आपण घराघरात जो दाट पाकळ्यांचा मोगरा लावतो, त्याला सहसा बी धरत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या चुरगाळून टाकल्या की पावसात रोपं उगवतात. मोगऱ्याचं तसं नाही. त्याचं रोप होतं ते फांदीपासूनच, कलम करून किंवा फांदी मातीत दाबून.

याचा अर्थ काय झाला? तुमच्या दारातला मोगरा हा कुणाच्या तरी मोगऱ्याची फांदी आहे. तो मोगराही आणखी कुणाच्या तरी मोगऱ्याची फांदी होता. असं मागे मागे जा. किती शेकडो वर्षं मागे जाल! प्रत्येक वेळी कुणीतरी कुणालातरी आपल्या हाताने दिला, तेव्हाच तो पुढे गेला. वाऱ्याने नाही नेला, पाखरांनी नाही नेला. माणसाने माणसाला दिला.

परंपरा म्हणजे आणखी काय असतं, मंडळी? आपला मंत्रही असाच आलाय. पुस्तकात छापलेला असतो, पण घ्यायचा असतो तो कुणाच्या तरी तोंडून. फूल घेतलं तर एका दिवसाचा वास मिळतो. फांदी घेतली तर पाणी घालायची जबाबदारीही मिळते. आपण सगळे गुरूकडे फूल मागायला येतो. एवढं काम होऊ दे, मुलाचं लग्न जमू दे, गुडघा थांबू दे. मागा, मी नाही म्हणत नाही. पण फांदी मागणारे किती येतात?

🌿 *गीता काय सांगते*

गीतेच्या नवव्या अध्यायात सव्विसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की पान, फूल, फळ, पाणी, भक्तीने जे देशील ते मी स्वीकारतो. एवढंच आपल्याला पाठ असतं. पण श्लोक तिथे संपत नाही. देणाऱ्याचं अंतःकरण शुद्ध असावं, हेही त्याच श्लोकात आहे. देवाने अट फुलावर नाही ठेवली, पाण्यावरही भागवून घेतलं. अट ठेवली ती देणाऱ्या मनावर.

आणि सातव्या अध्यायात भगवंत म्हणतात, पृथ्वीतला पवित्र गंध तो मी. मानसपूजेत आपण गंध पृथ्वीतत्त्वाचा अर्पण करतो आणि फूल आकाशतत्त्वाचं. मोगऱ्यात हे दोन्ही समोर दिसतं. मुळं काळ्या मातीत, वास आकाशात. आता सांगा, भिंतीवरून जो वास तुमच्यापर्यंत आला तो देवच आला ना? तो न मागता आला, कुंपण ओलांडून आला. तेवढ्यावर तुमचा हक्क होता. थांबायचं, डोळे मिटायचे, नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. पूजा तिथेच झाली असती. हात भिंतीवर गेला आणि मिळालेलं दान आपण आपल्या हाताने चोरी करून ठेवलं.

पतंजलींनी यमांमध्ये अहिंसा आणि सत्य यांच्यानंतर लगेच अस्तेय सांगितलंय, चोरी न करणं. त्यात "देवाचं काम असेल तर सूट" असं कुठे लिहिलेलं नाही.

🌿 *आपल्या अहिल्यामातोश्री*

आपण इंदूरची माणसं. लांबचं उदाहरण कशाला हवं? अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथाचं मंदिर बांधलं, सोमनाथला बांधलं, गयेला बांधलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा केल्या. राजेपद हातात होतं. दौलतीच्या खजिन्यातून खर्च केला असता तर "देवाचं काम आहे" म्हणून कोण बोललं असतं? पण होळकरांच्या घराण्यात खासगीची मिळकत वेगळी होती आणि दौलतीचा खजिना वेगळा होता. मातोश्रींचा हा दानधर्म खासगीतून झाला. देवाला द्यायचं ते आपल्यातलं.

2025 मध्ये त्यांच्या जन्माला 300 वर्षं झाली. आपण मिरवणुका काढल्या, राजवाड्यासमोर पुतळ्याला हार घातले. त्या हारांतलं एक तरी फूल आपल्या कुंडीतलं होतं का, हे ज्याने त्याने मनात बघावं.

🌿 *पुढे काय झालं*

काकू दोन दिवस गेल्याच नाहीत. लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी गेल्या. फाटक वाजवलं आणि म्हणाल्या, "मावशी, मी तीच. फुलं न्यायला नाही आले. मला एक फांदी लावून द्याल?"

आजींनी त्यांना आत घेतलं, चहा केला. मग म्हणाल्या, "लावून नाही देणार. तुम्हीच लावा, मी सांगते." आषाढ होता. पाऊस नुकता पडून गेला होता.

खालची एक लवचीक फांदी वाकवायला सांगितली. पेराच्या खाली जरा साल खरवडली. तो भाग शेजारच्या गमल्यातल्या मातीत दाबला आणि वर एक दगड ठेवला. याला दाब कलम म्हणतात. फांदी आईपासून तोडायची नाही. तिला मातीत मुळं फुटेपर्यंत आईच्याच झाडाचा रस मिळत राहतो. दीड-दोन महिन्यांनी मुळं धरली की मगच मधला दांडा कापायचा.

घाई केली तर फांदी वाळते. कापलंच नाही तर ती कधी झाड होत नाही. मुलांना वाढवणाऱ्या आईबापांनी हे लक्षात ठेवावं. गुरूंनीही ठेवावं.

ते दोन महिने काकूंना रोज आजींकडे जावं लागलं. माती सुकली का बघायला. पहिल्यांदा फाटकाबाहेरूनच बघून यायच्या. मग आत जायला लागल्या. मग आजींची औषधं आणून द्यायला लागल्या. नवरात्रात रोप घरी आलं.

माघात आजींनी निरोप पाठवला, "थंडी सरली, आता छाटा." काकूंचं मन होईना. चार-पाच महिन्यांत केवढी पालवी आली होती! आजी म्हणाल्या, "मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीला. जुनं जपत बसलात तर पानंच बघाल." काकूंनी कात्री धरली. हात थरथरला. अर्धं झाड खाली पडलं. मग आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी. रोप काड्यांसारखं दिसायला लागलं. काकूंनी मला फोन केला, "महाराज, मी मारलं का हो ते?"

मी काय माळी थोडाच आहे? मी म्हणालो, "ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर विश्वास ठेवा."

आयुष्यात असा माघ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. नोकरी जाते, माणूस जातं, मान जातो. आपल्याला वाटतं देवाने कात्री चालवली. मी असं म्हणणार नाही की प्रत्येक दुःख ही छाटणीच असते. काही दुःखं नुसती दुःखं असतात, त्यांना गोड नाव देऊ नये. पण छाटलेल्या झाडाचं आपण जे करतो ते दुःखातल्या माणसाचंही करावं. काडी दिसली म्हणून उपटून टाकू नये. उन्हात ठेवावं, माती मोकळी करावी आणि थांबावं.

चैत्रात तीन कळ्या आल्या. तीनच. सात वर्षं मूठमूठ फुलं वाहिलेल्या काकू त्या तीन कळ्यांजवळ पाट घेऊन बसल्या. संध्याकाळी एक उमलली.

पहाटे त्या फूल घेऊन निघाल्या. मला वाटलं इकडे येतील. नाही आल्या. त्या आजींकडे गेल्या आणि त्यांच्या यजमानांच्या फोटोला ते फूल वाहिलं. दुसरं फूल पादुकांना आणलं. तिसरं झाडावरच ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी.

मला आजवर मिळालेल्या सगळ्या हारांत ते एक फूल जड होतं, मंडळी.

🌿 *वास लागावा म्हणून*

शेवटचं सांगतो. चीनमध्ये फुजियान प्रांतात याच मोगऱ्याचा चहा करतात. दिवसा कळ्या खुडतात आणि रात्री त्या उमलायच्या वेळी कोरड्या चहापत्तीत मिसळून ठेवतात. फुलं रात्रभर श्वास सोडतात आणि पत्ती तो धरून ठेवते. सकाळी फुलं काढून टाकतात. उत्तम चहा करायचा तर असं पुन्हा पुन्हा, कितीतरी रात्री करतात. फूल गेलं तरी वास राहतो.

सत्संग म्हणजे एवढंच. तुम्ही दर गुरुवारी इथे येता, कोरडी पत्ती येऊन बसते. एका रात्रीत काही होत नाही. म्हणून पुन्हा यायचं. फूल आज आहे, उद्या नाही. मीही उद्या नसेन. वास तुमच्यात राहिला पाहिजे, आणि तो भिंतीपलीकडच्या घरापर्यंत गेला पाहिजे.

या पौर्णिमेला मला हार नकोत. ज्याच्या दारी मोगरा आहे त्याने एक फांदी दाबावी. ज्याच्याकडे नाही त्याने शेजारी जाऊन मागावी. तेवढी दक्षिणा पुरे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

*आजींनी काकूंना सांगितलेलं, आपल्या सगळ्यांसाठी* 🌱

🔸 *जागा:* रोज पाच-सहा तास ऊन मिळायलाच हवं. सावलीत मोगरा पानं देतो, फुलं देत नाही. फ्लॅटमध्ये असाल तर गॅलरीची उन्हाची बाजू बघा.

🔸 *माती:* आपली माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू. गमल्याला खाली भोक हवंच.

🔸 *पाणी:* वरची माती कोरडी लागली की घाला. भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ लागेल. पावसाळ्यात गमल्यात पाणी साचू देऊ नका. नर्मदामाई जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढून आपल्या नळाला येते. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला चालतं, ते मोरीत ओतू नका.

🔸 *छाटणी:* जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर आठ-दहा दिवस पाणी कमी, माती हलकी उकरून खत, मग पुन्हा नेहमीसारखं पाणी. प्रत्येक बहर संपला की शेंडे थोडे खुडा, नवी फूट येते.

🔸 *खत:* जास्त खताने झाड माजतं आणि फक्त पानं येतात. महिन्यातून एकदा मूठभर पुरे.

🔸 *निर्माल्य:* देवाची वाहिलेली फुलं दोरा काढून घरच्या खतात टाका. स्वच्छतेत 2017 पासून आपल्या इंदूरने देशात नाव काढलंय, ते ओला-सुका कचरा घरातच वेगळा केला म्हणून. देवाचं फूल परत मोगऱ्याच्या मुळाशी जावं, यापेक्षा चांगलं विसर्जन कुठलं?

🔸 *तोडणं:* उमललेलं फूल पहाटे हळूच तोडा. सगळी तोडू नका. एक तरी झाडावर ठेवा.

*या गुरुपौर्णिमेचा संकल्प* 🙏

1. दुसऱ्याच्या कुंपणातलं फूल विचारल्याशिवाय तोडणार नाही. फूल नसेल त्या दिवशी अक्षता, तुळशीचं पान किंवा पळीभर पाणी वाहीन.

2. आषाढात एक फांदी दाबीन आणि नवरात्रात ते रोप कुणाला तरी देईन. ज्यांच्याकडे देण्यासारखी रोपं तयार होतील त्यांनी ग्रुपवर कळवावं. ज्यांना हवं त्यांनी स्वतः घरी जाऊन घ्यावं, कुणाच्या हाती मागवू नये. त्या निमित्ताने एकमेकांचं दार तरी वाजेल.

3. आपल्या गल्लीत एकटे राहणारे कुणी आजी-आजोबा असतील तर आठवड्यातून एकदा त्यांची चौकशी करीन.

जाता जाता: आजी आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना खाली वाकता येत नाही, म्हणून त्यांच्या मोगऱ्याला काकूच पाणी घालतात. ती पाटी अजून तिथेच आहे. फक्त तिच्याखाली काकूंनी खडूने एक ओळ वाढवली आहे: "रोप हवं असेल तर बेल वाजवा."

हा संदेश आपल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा, आणि घरातल्या लहान मुलांना वाचून दाखवा.

॥ शुभं भवतु ॥ 🌼